मूल मागं पडतंय? आधी त्याला त्याच्या मराठीतून विचारा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी चौथीला शिकवत होतो, तेव्हाची दोन मुलं डोक्यातून जात नाहीत. एकाला आम्ही उगाच मंद ठरवलं. दुसऱ्याची खरी अडचण दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच आली नाही, आणि त्या 'कुणाच्या'त पहिला मी.

पहिल्याला तपासणीला आलेल्या साहेबांनी कन्नडमधून एक सोपा प्रश्न विचारला. पोरगं मान खाली घालून उभं. शेरा पडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला सहज म्हटलं, "काल डेअरीला किती दूध घातलास रे?" सकाळचं साडेचार लिटर, सांजचं तीन, फॅट किती लागली, आठवड्याचं बिल किती निघणार, सगळा हिशेब त्यानं तोंडावर करून दाखवला. त्याची अडचण एवढीच होती की प्रश्न त्याच्या भाषेत नव्हता.

दुसऱ्या मुलाच्या घरी कन्नड बोलत. शाळा मात्र मराठी, कारण गावात तीच जवळ. तो वाचताना अडखळायचा, शब्दाचा शेवट गिळायचा, 'स' आणि 'श' सोडूनच द्यायचा. मी म्हणायचो, घरात कन्नड आहे, येईल हळूहळू. एका पावसाळ्यात दुपारच्या जेवणाला त्याच्या पाठीमागं ताटांची चळत कोसळली. सगळी पोरं दचकली, हा वळलाही नाही. त्याच्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "सर, ह्याचा कान फुटतोय की दरवर्षी पावसात. त्यात काय एवढं?"

सीमाभागात आपली अशी दोन्हीकडून फसगत होते. भाषेची अडचण असते तिथं आपण मुलात खोट काढतो, आणि खरी अडचण असते तिथं भाषेवर ढकलून मोकळे होतो. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून हल्याळ-जोयड्यापर्यंत मराठी घरातल्या किंवा मराठी शाळेतल्या मुलाचा विचार करताना सुरुवात ह्या गाठीपासून करायची. कागद, दाखले, सवलती हे सगळं नंतर.

पहिले पंधरा दिवस: फक्त लिहून ठेवा

एक शंभर पानी वही घ्या. शिक्षकानं शाळेत, आईनं घरी, दिवसाला दोन ओळी. 'अभ्यासात कच्चा', 'लक्ष नाही' असलं काही लिहायचं नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. दिसलं ते लिहायचं: "फळ्यावरची तीन वाक्यं उतरवायला पूर्ण तास लागला." "तोंडी पाढा आला, लिहिताना चुकला." "मागून हाक मारली, तिसऱ्या हाकेला वळला." "गोष्ट ऐकून अगदी बरोबर सांगितली, तीच वाचता आली नाही."

पंधरा दिवसांनी वही वाचा. चुका सगळीकडे सारख्याच पसरलेल्या असतात असं नाही. त्या बहुतेक वेळा एका जागी गोळा झालेल्या दिसतात: फक्त वाचताना, फक्त लांबून बघताना, फक्त हातानं करायच्या कामात, किंवा फक्त कन्नडच्या तासाला. पुढं डॉक्टरकडं गेलात तर ही वही कुठल्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडते. दवाखान्यात मूल दहा मिनिटं दिसतं, वहीत ते पंधरा दिवस दिसतं.

भाषा की अडचण, हे कसं ओळखायचं

ह्या एका पायरीवर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण बाहेरच्या पुस्तकांत ही नसते.

मुलाची घरची बोली आधी विचारून घ्या. मराठी शाळेतलं मूल म्हणजे घरी मराठीच असेल असं आपल्याकडं नसतं. खानापूरच्या पश्चिमेला कोकणी असते, गवळी-धनगरांची बोली असते, गावात उर्दू असते, कन्नड तर असतेच. मराठी असली तरी ती पुस्तकातली नसते. आपल्या बायका आणि मुली सर्रास "मी येतो", "मी जातो" म्हणतात. बाहेरून आलेली बाई त्या मुलीला चुकीचं बोलते म्हणून चार वेळा टोकते, आणि पाचव्या वेळी मुलगी बोलायचीच बंद होते.

कन्नड घरातलं मूल "तो पुस्तक", "ती टेबल" म्हणेल. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला मराठीसारखं तो-ती लावायचं नसतं, म्हणून हे होतं. 'चमचा'तला च आणि 'चहा'तला च ह्यांतही त्याचा गोंधळ होईल, कारण दाताजवळचा तो च त्याच्या कानावर कधी पडलेला नसतो. हे शिकण्याचे टप्पे आहेत. ऐकून ऐकून सुटतात.

आता कसोटी. एकच काम मुलाच्या दोन्ही भाषांत द्या. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावा, एकदा घरच्या भाषेत, एकदा शाळेच्या. मग तीन कामं सांगा, एकामागून एक: "दप्तर कोपऱ्यात ठेव, खडू आण, दार लोटून घे." हेसुद्धा दोन्ही भाषांत. घरच्या भाषेत सगळं सुरळीत आणि शाळेच्या भाषेत गडबड असेल तर मुलाला भाषा शिकवायची आहे, दवाखाना लागत नाही. पण घरच्या भाषेतही सूचना विसरत असेल, शब्द सापडत नसतील, घरचं कन्नडसुद्धा लहान पोरासारखं तोडून बोलत असेल, तर मग थांबू नका. माझ्या दुसऱ्या मुलाच्या बाबतीत मी त्याच्या आईला एवढंच विचारायला हवं होतं: "अक्का, घरात तरी सरळ बोलतो का?" ती 'नाही' म्हणाली असती.

वाचनाचंही तसंच. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या शिकणाऱ्या मुलाच्या चुका शेजारी शेजारी मांडून बघा. कन्नडची अक्षरं ओळखता येत नाहीत पण मराठी घडाघडा वाचतो, तर कन्नडला वेळ द्या. दोन्हीकडं जोडाक्षर आलं की गाडी अडते, ओळखीचा शब्दसुद्धा रोज नव्यानं फोडावा लागतो, आणि तोंडी मात्र हुशार आहे, तर वाचनाची विशिष्ट अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, असू शकते. ती बुद्धीची कमतरता नाही.

बुद्धीची चाचणी करायची वेळ आली तर तपासणाऱ्याला नम्रपणे विचारा, "चाचणी कुठल्या भाषेत घेणार?" हा तुमचा हक्काचा प्रश्न आहे. आपल्याकडं आजही वापरात असलेली बिने-कामत चाचणी १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही मुलांसाठीच बसवली होती. मुलाला समजेल त्या भाषेत विचारायचं, ही गोष्ट ह्या मुलखाला नवी नाही.

डोळे आणि कान आधी

मोठ्या निदानाच्या मागं लागण्याआधी हे स्वस्तातलं काम उरकून घ्या. मुलाला शेवटच्या बाकावर बसवून फळा वाचायला लावा, एक डोळा झाकून, मग दुसरा. ज्याला अक्षरं येत नाहीत त्याच्यासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ई चा तक्ता असतो. मुलानं फक्त बोटांनी दिशा दाखवायची, भाषेचा प्रश्नच नाही. कानासाठी मुलाच्या मागं हातभर अंतरावर उभं राहून कुजबुजल्यासारखे शब्द म्हणा आणि परत म्हणायला सांगा: 'साखर', 'शेत', 'सशाचा'. ओठ दिसता कामा नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा यायचं असतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यांच्याकडं आहे. पथक येईल त्या दिवशी नेमकं ते मूल घरी राहतं, हा माझा अनुभव. म्हणून तारीख आधी विचारून पालकांना निरोप द्या आणि वही पुढं ठेवा. एवढं केलं की पथकातले डॉक्टर त्या मुलाला जास्त वेळ देतात.

कान वाहणं ही गोष्ट आपण फार हलक्यात घेतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात चार महिने कान ओलाच राहतो. तेल टाकू नका, काडी घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. वेळेवर औषध मिळालं तर पुष्कळ मुलांचं ऐकणं वाचतं.

कागदपत्रं: एकदाच नीट करा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. आधीच्या १९९५ च्या कायद्यात ती ७ होती. नव्यात ऑटिझम आहे, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. त्यामुळं "आमच्या पोराचे हातपाय धड आहेत, त्याला कसला दाखला?" हा विचार सोडा. बऱ्याच सवलतींसाठी अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा दाखला लागतो.

दिव्यांगाला जे ओळखपत्र मिळतं त्या कार्डाचं नाव यूडीआयडी. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो. स्वतः जमत नसेल तर ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणजे गाव पुनर्वसन कार्यकर्ता कोण आहे ते विचारा. तालुका पंचायतीत त्याच कामाचा एमआरडब्ल्यू बसतो. कर्नाटकात ही माणसं नेमलेली आहेत, ती बहुधा स्वतःही दिव्यांग असतात आणि कुठला कागद कुठं अडतो ते त्यांना पाठ असतं. जिल्ह्याला दिव्यांग कल्याण अधिकाऱ्यांचं कार्यालय आहे.

अर्जाच्या आधी एक काम करा. आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडं नाव मराठीतून कन्नडात, कन्नडातून इंग्रजीत आणि तिथून परत मराठीत येतं, तोवर 'ज्ञानेश्वर'चा काहीही झालेला असतो. कुठं आडनाव आधी, कुठं बापाचं नाव गायब. माझ्या ओळखीच्या एका आईला एकाच 'एच'पायी तीन हेलपाटे पडले. जुळत नसेल तर आधी आधार दुरुस्त करा आणि मगच बाकीचं.

दाखला राहत्या जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मिळतो, किंवा मूल ज्या सरकारी दवाखान्यात उपचार घेतं तिथून. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं उपचार चालू असलेल्यांनी ती फाइल टाकून देऊ नये. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, निपाणीचं कार्ड कोल्हापुरातही तेच. मात्र राज्य सरकारच्या सवलती, आपण ज्याला 'अपंग पगार' म्हणतो तो धरून, कर्नाटकच्या रहिवासावर मिळतात आणि तो अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात, असतो. तिथं अर्ज कन्नडमधून लिहून न्या, काम लवकर होतं. भाषेचा अभिमान आपल्या जागी ठेवू, पोराचा कागद अडकता कामा नये.

वाचनाच्या अडचणीचा दाखला आठ वर्षांच्या आत मिळत नाही. साधारण तिसरीत गेल्यावरच ती तपासणी होते. पण म्हणून पहिली-दुसरीत हात बांधून बसायचं नसतं. वर्गातली मदत दाखल्याची वाट बघत नाही.

बेळगावला जायचं तर आईनं मुलाला घेऊन सकाळची एसटी धरावी. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकच्या साध्या बसला तिकीट नाही, तेवढाच भार कमी. जाताना आधार, रेशनकार्ड, फोटो, जुने रिपोर्ट, सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स आणि डबा. दिवस मोडतोच.

वर्गात काय बदलायचं

*अक्षर अडणाऱ्या मुलासाठी.* देवनागरीतली ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि वाचायची नंतर. 'कि' लिहिताना हात डावीकडं आधी जातो, तोंडात मात्र क आधी येतो. ह्या मुलांना तिथंच ठेच लागते. त्यांना वेलांटी वेगळ्या रंगानं काढून द्या आणि बोटानं आधी अक्षर, मग वेलांटी अशी दाखवून वाचून घ्या. र चं तर विचारूच नका. 'क्रम', 'कर्म', 'ट्रक', 'वाऱ्यावर' ह्या चारात र चार रूपांत बसलाय. एका आठवड्यात एकच रूप घ्या. वाळूत गिरवा, अंगणात खडूनं मोठं काढून त्यावरून चालायला लावा. आणि ही मुलं असताना वर्गात एकेकाला उभं करून वाचायला लावायची पद्धत बंद करा. जो धडा उद्या वाचायचाय तो आज घरी देऊन पाठवा.

मराठी पक्की होईस्तोवर दुसऱ्या लिपीचं लिखाण ताणू नका. कन्नड तोंडी भरपूर होऊ दे, गाणी, खेळ, बाजारातलं बोलणं. बोलता येऊ लागलेली भाषा नंतर वाचायला निम्म्या कष्टात येते.

*आकडे उलटे लिहिणाऱ्यासाठी.* 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. मूल ५२ लिहितं, आपण ओरडतो. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आणि पाच, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. 'एकोणसाठ' तर मराठीत साठाला एक कमी, कन्नडमध्ये 'ऐवत्तोंबत्तु', सरळ पन्नास-नऊ. मी अडलेल्या मुलांना आधी 'वीस पाच' म्हणायला लावतो, कन्नड येत असेल तर कन्नडातून म्हणवून घेतो, दशकाच्या काड्यांचे गठ्ठे समोर ठेवतो, आणि मग 'पंचवीस' शिकवतो. शेजारची भाषा इथं फुकट शिकवणी घेते. कन्नडातूनसुद्धा, गठ्ठे समोर असतानासुद्धा गोंधळ तसाच राहिला, तर वहीत नोंद करा. ती अडचण मग आकड्यांची आहे.

*न दिसणाऱ्या मुलासाठी.* इथं एक सुखद गोष्ट आहे, जी बऱ्याच मराठी शिक्षकांना ठाऊक नसते. भारती ब्रेल १९५१ पासून सगळ्या भारतीय भाषांना एकाच साच्यात बसवते. मराठी 'क' टिंब १ आणि ३, कन्नड 'क'सुद्धा टिंब १ आणि ३. 'ळ' दोन्हीकडं ४-५-६. डोळस मुलाला दोन लिप्या शिकाव्या लागतात, बोटांनी वाचणाऱ्या मुलाला एकच. कन्नडातले आखूड ए आणि ओ तेवढे वेगळे घ्यावे लागतात. आणि ब्रेलमध्ये वेलांटी अक्षराच्या नंतरच येते, म्हणजे तीही कटकट गेली. म्हणून "आमच्याकडं मराठी ब्रेल कुठाय?" म्हणून शिक्षण थांबवू नका. कन्नड ब्रेल शिकवणारा शिक्षक आपल्या मुलाला बोटांची सुरुवात करून देऊ शकतो, मराठी शब्द घरचे घालतील.

अंधुक दिसणाऱ्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडं पाठ करून बसवा. जाड काळं पेन द्या, एक ओळ सोडून लिहू द्या, आणि फळ्यावर लिहिताना तोंडानंही म्हणा. स्मार्टफोन असेल तर धडा मराठीत वाचून दाखवण्याची सोय त्यात असते.

*कमी ऐकू येणाऱ्यासाठी.* फळ्याकडं तोंड करून बोलू नका. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाठीवर नको. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडत असताना श्रवणयंत्र काही कामाचं नाही, त्या वेळेला लेखी काम द्या. घरात मात्र एकच भाषा पक्की करा, जी आईला मनापासून बोलता येते ती. "शाळेत कन्नड लागेल म्हणून घरात मोडकंतोडकं कन्नड बोलतो" असं करणाऱ्या घरात मुलाला धड एकही भाषा मिळत नाही. पूर्ण बहिऱ्या मुलाला खुणांची भाषा लवकर मिळू द्या. खुणा शिकला म्हणून बोलायचं सोडून देईल ही भीती खोटी आहे.

*सावकाश शिकणाऱ्यासाठी.* दुपारचं जेवण, आपली पोरं ज्याला बिसीऊट म्हणतात, हा माझ्या मते शाळेतला सगळ्यात चांगला तास. ताटं मोजायची, एका रांगेत दहा मांडायची, कमी पडली तर किती आणायची, हात धुवायची रांग लावायची. काम लहान तुकड्यांत पाडा. 'ताट धू' म्हणजे पाच कामं असतात, मुलाला शेवटचं काम आधी शिकवा, म्हणजे पूर्ण केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो. जिथं नलि-कलि (कर्नाटकातली खेळत-करत शिकायची पद्धत) चालते तिथं शिडीवर मूल आपल्या पायरीनं चढतं. त्याला ओढून वर नेऊ नका.

*फिट येणाऱ्यासाठी.* कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा काही हातात देऊ नका, नाकाला लावू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर, आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

एक पानाचा आराखडा

मोठमोठे फॉर्म भरून फाइलला लावले जातात आणि धूळ खातात. मी एकच पान करतो. वर मुलाला काय येतं, ते आधी. मग काय अडतं. मग तीन महिन्यांत एकच, फार तर दोन गोष्टी साधायच्या. आणि कोण काय करणार. नमुना असा:

"येतं: तोंडी हिशेब, गोष्ट सांगणं, म्हशीची सगळी कामं. अडतं: जोडाक्षर, फळ्यावरून उतरवणं. दिवाळीपर्यंत: र ची दोन रूपं वाचता येणं. शाळा: फळ्याऐवजी कागदावर मजकूर देणार, शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही. घर: रात्री दहा मिनिटं आई वाचून दाखवणार. बघणार: पहिल्या सोमवारी."

आई विड्या वळत असेल, निपाणीकडं हे घराघरात आहे, तर वाचून दाखवायला मोठी बहीण चालते. आईला लिहिता येत नसेल तर बघायच्या दिवशी तिला तोंडी सांगू द्या, पानावर तुम्ही लिहा. हे पान एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) बैठकीत ठेवा आणि सीआरपीला (समूह साधन व्यक्तीला) दाखवा. तालुक्याला बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसच्या गटसाधन केंद्रात समावेशक शिक्षणाचे साधन शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवायला हा कागद लागतो. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलासाठी वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद धरलेली असते आणि अशा मुलींना महिना २०० रुपयांचा भत्ता १० महिने मिळतो. मुलाचं नाव शाळेच्या ऑनलाइन नोंदीत 'विशेष गरजा' म्हणून चढलेलं नसेल तर यातलं काही येत नाही. हेडमास्तरांना ती नोंद स्क्रीनवर उघडून दाखवायला सांगा.

परीक्षा आणि लेखनिक

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या, लिहायला अडचण येणाऱ्या मुलाला लेखनिक (तो सांगेल ते लिहून देणारा) आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांच्या पेपरला तो पूर्ण एक तास होतो. ४० टक्क्यांच्या खाली असून हातानं लिहिणं जमत नसेल तरी दार बंद नाही. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात तसा निकाल दिला आणि २०२२ मध्ये केंद्रानं त्यासाठी वेगळ्या सूचना काढल्या. दहावीच्या मुलासाठी कर्नाटक परीक्षा मंडळाचा चालू वर्षाचा आदेश हेडमास्तरांकडून मागून घ्या. भाषेतली आणि विषयांतली सूट त्यात असते, आणि ती फॉर्म भरतानाच मागावी लागते. हॉलतिकीट आल्यावर रडून उपयोग नाही.

आपल्या भागातली गोम वेगळीच आहे: लेखनिकाला मराठी लिहिता आलं पाहिजे. परीक्षा केंद्रानं ऐनवेळी उभा केलेला मुलगा कन्नड माध्यमाचा निघाला तर 'प्रकाशसंश्लेषण' कोण लिहिणार? म्हणून जवळच्या मराठी शाळेतला नववीचा मुलगा किंवा मुलगी सहामाहीच्या आधीच ठरवा, आणि सहामाहीचा पेपर त्या जोडीनं लिहू द्या. सांगून लिहून घेणं ही वेगळी कला आहे. 'नवा परिच्छेद', 'इथं आकृती', 'मागचं वाक्य खोड' हे बोलायची सवय लागावी लागते. आमच्या एका मुलाला पहिल्या सरावात तीन प्रश्नांनाच दोन तास लागले, कारण तो लाजून दर वाक्याला "चालंल नव्हं?" विचारायचा.

शाळेची चौकट सोसवतच नसेल तर एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त शाळेची) दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, विषय थोडे थोडे करून.

शाळेनं 'आमच्याकडं सोय नाही' म्हटलं तर

भांडायला जाऊ नका, कागद द्या. तोंडी 'नाही' ला अर्थ नसतो. अर्ज दोन प्रतींत, एकावर पोच घ्या. त्यात इतकंच: मुलाचं नाव, वर्ग, काय हवं, आणि २०१६ च्या कायद्याचं कलम १६ (भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणं सोय) व कलम ३१ (६ ते १८ वर्षं मोफत शिक्षण, हे ४० टक्क्यांवरच्या मुलांसाठी). उत्तर आलं नाही तर बीईओ, मग डीडीपीआय (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक). बेळगाव जिल्ह्यात शैक्षणिक जिल्हे दोन आहेत, बेळगाव आणि चिकोडी. निपाणी-अथणीच्या लोकांचा अर्ज चिकोडीला जातो. शेवटी बेंगळुरूला राज्य दिव्यांग आयुक्त. माझ्या अनुभवात बहुतेक कामं पोच घेतलेल्या पहिल्याच अर्जावर होतात.

मूल शाळेत जाऊच शकत नसेल, अंथरुणाला असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्यानं घरी शिकण्याचा पर्याय दिलाय. भीमगड जंगलातल्या वाड्यांना पावसात रस्ता तुटतो, तिथं तर हे आधीच ठरवून ठेवायला लागतं: मृगाच्या आधी चार महिन्यांचं साहित्य घरी पोचवायचं, आणि ज्याच्या फोनला रेंज येते तो माणूस कोण, त्याचं नाव पानावर लिहायचं. 'घरी शिक्षण' म्हणजे नाव हजेरीपटावर आणि मूल कायमचं घरात, असं मात्र होऊ देऊ नका. झेंडावंदनाला, सहलीला, जेवणाला उचलून का होईना आणा. वर्गातल्या पोरांना त्याचं तोंड ओळखीचं राहिलं पाहिजे.

सातवीतून आठवीत जाताना

इथं सगळी मेहनत सांडते. गावची मराठी शाळा सातवीला संपते, हायस्कूल दुसऱ्या गावात, शिक्षक नवे, आणि मुलाला पुन्हा पहिल्या दिवसापासून 'मठ्ठ' म्हणवून घ्यावं लागतं. एप्रिलच्या सुट्टीआधी मुलाला घेऊन नवी शाळा एकदा दाखवून आणा: वर्ग कुठं, संडास कुठं, पायऱ्या किती, एसटी कुठं थांबते. दाखल्याबरोबर ते एक पान आणि यूडीआयडीची झेरॉक्स द्या, वर्गशिक्षकाच्या हातात, ऑफिसच्या खिडकीत नको.

आमच्या त्या कान फुटणाऱ्या पोराच्या पानावर मी शेवटी एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहिली होती: "डाव्या कानानं ऐकतो. उजव्या हाताच्या बाकावर, भिंतीकडं उजवी बाजू करून बसवा." हायस्कूलच्या बाईंनी ते पान हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात आतून चिकटवून ठेवलं. बदली शिक्षक आले तरी हजेरी घेताना ते दिसायचंच.